मुठीची पिशवी

"सर्वांनी डोळे मिटावेत," आमच्या चर्चच्या मंडळीचे वडील, म्हणजे पुढारी, शलमोनराव वाघचौरे म्हणाले, "आणि आमेन होईपर्यंत कोणीही ताटाला हात लावू नये."

"डोळे मिटतो साहेब," तिसऱ्या रांगेतून दगडू मिस्त्रीचा आवाज आला, "पण खिचडीलाबी सांगा, तोवर गार होऊ नको म्हणून."

रांगांतून हशा उठला. शलमोनरावांनी घसा खाकरला, तेव्हा तो विझला. जालन्याच्या नगरपालिकेच्या बेघर निवाऱ्यातील त्या लांबट दालनात, चटयांच्या चार रांगांवर बसलेल्या साठ माणसांनी डोळे मिटले. प्रत्येकासमोर ताट होते आणि ताटात बाजरीची वाफाळती खिचडी होती.

मीही डोळे मिटणार होतो. तत्पूर्वी मोठ्या पातेल्यावरचे झाकण नीट बसवावे, म्हणून मी हातातल्या कापडी पिशवीने त्याची कड धरली. वाफ पिशवीतून आरपार आली. चटका बसताच मी हात मागे घेतला आणि तळहाताकडे पाहिले.

तळहात गुलाबी झाला होता.

मी पिशवी नाकाशी नेली. वास अगदी पुसट होता; दुसऱ्या कोणास तो आलाही नसता. परंतु चर्चच्या आश्रयास येण्यापूर्वी मी नऊ वर्षे बियाण्यांच्या गोदामात हमाली केली होती. पेरणीच्या बियाण्याला किडीचे विषारी औषध चोळतात आणि ते कोणी चुकून खाऊ नये, यासाठी त्यात असा भडक रंग मिसळतात. ती पोती पाठीवर वाहून माझ्या सदऱ्याला जो वास लागत असे, तोच हा वास होता.

"हे कृपावंत पित्या," शलमोनरावांनी आरंभ केला, "आजच्या या दिवसाबद्दल आम्ही तुझे उपकार मानतो..."

येथे मुठीची रीत सांगणे अवश्य आहे. आमच्या मंडळीतील प्रत्येक घरची बाई स्वयंपाकाला धान्य घेताना त्यातून एक मूठ बाजूला काढून एका पिशवीत टाकते. रविवारी ती पिशवी चर्चच्या कोठीपाशी येते. महिला मंडळाने शिवलेल्या त्या पिशव्या साऱ्या एकसारख्या, पांढऱ्या मांजरपाटाच्या असतात आणि त्यांवर कोणाचेही नाव नसते. कोणी किती दिले हे कोणास कळू नये, असा त्यामागचा हेतू. सर्वांचे धान्य एकाच पिंपात पडते. हिवाळ्यात सर्वांनी बाजरीच द्यावी असे ठरलेले असते, आणि महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर त्याच बाजरीची खिचडी आम्ही निवाऱ्यात नेऊन वाढतो.

कोठीची किल्ली माझ्यापाशी होती. पिशव्या पिंपात रित्या करणे हे माझे काम असल्यामुळे नाव नसले तरी कोणती पिशवी कोणाची, हे मला ठाऊक असे. सकाळी घाईत मी रित्या पिशव्या टांगलेल्या दोरीवरून जी हाताला लागली ती पिशवी फडक्याऐवजी उचलली होती. आता तिच्याकडे पाहिले, तो तिच्या तोंडाला निळी नाडी दिसली. मूळचा बंद तुटल्यावर ती निळी नाडी गाठ मारून जोडली होती तबिथाबाई जगधने यांनी.

तबिथाबाई समोरच्या भिंतीशी पाण्याचा जग घेऊन उभ्या होत्या. त्या विधवा होत्या आणि बियाण्यांच्या एका गोदामात झाडलोटीचे काम करीत. त्यांची पिशवी त्या सकाळी सर्वांच्या शेवटी आली होती. म्हणून त्यांची बाजरी पिंपात सर्वांत वर पडली आणि तीच प्रथम निघून पातेल्यात गेली होती.

"...आमच्या देशाला शांती दे. आमच्या राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे..."

शलमोनरावांच्या प्रार्थनेचा क्रम मला तोंडपाठ होता. आधी उपकारस्तुती, नंतर देश, नंतर आजारी माणसे नावानिशी, नंतर शोकात असलेली घराणी, आणि सरतेशेवटी अन्न. अन्नावर आले की आमेन. म्हणजे देश संपत आला होता. माझ्यापाशी आजारी माणसे आणि शोकातील घराणी एवढाच अवधी होता.

सकाळचा प्रसंग मला आठवला. चुलीपाशी बाजरी धुणाऱ्या बाया म्हणाल्या होत्या, "एलियाभाऊ, पाण्याला रंग येऊ लागलाय बगा."

"पिंपाचा गंज असेल," मी वाकूनही न पाहता म्हणालो होतो. "आटपा लवकर. उपासना सुटायच्या आत पातेलं चुलीवर चढलं पाहिजे."

तेव्हाच वाकून पाहिले असते तर!

तथापि माझ्या मनात दुसराही विचार येत होता, आणि तो मी लपवणार नाही. एका पिशवीचा रंग म्हणजे साठ ताटांत विष, असे खात्रीने कोण सांगेल? बाजरी धुतलेली होती, शिजलेली होती. मी ओरडलो आणि काहीच निघाले नाही, तर साठ भुकेल्या माणसांच्या तोंडचा घास मी काढला असे होईल. आणि खरेच निघाले, तर कोठीची किल्ली जाईल. त्या किल्लीबरोबर कोठीमागची माझी खोली जाईल. दारूपायी घर गमावल्यावर दीड वर्ष मी याच दालनात, तिसऱ्या रांगेत, दगडू मिस्त्रीच्या शेजारी जेवलो होतो. तेथून मला उचलून शलमोनरावांनी सगळ्या मंडळीसमक्ष माझ्या हाती किल्ली ठेवली होती. त्या घटनेला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती.

मी मान वर केली. रांगांतल्या साऱ्यांचे डोळे मिटलेले होते. दोनच डोळे उघडे होते. तबिथाबाई माझ्या तळहाताकडे पाहत होत्या.

त्यांनी अगदी हळू मान हलवली. नको.

"...आजाऱ्यांना स्पर्श कर, पित्या. दाविदभाऊंच्या गुडघ्याला आराम दे. दोन महिने अंथरुणाला खिळलेल्या यमुनाबाई जगधने, त्यांच्या उलट्या थांबव, त्यांच्या हातापायांचा कंप दूर कर..."

यमुनाबाई म्हणजे तबिथाबाईंची सासू. सासूचे नाव कानी पडताच तबिथाबाईंनी डोळे मिटले. मी एकटाच उघड्या डोळ्यांनी उरलो.

शोकातील घराणे त्या दिवशी एकच होते. ते लगेच संपले.

"आणि आता, पित्या, हे अन्न..."

"थांबा!"

तो आवाज माझा आहे हे मला तो उमटल्यावरच कळले.

"कोणी खाऊ नका! ताटं मागं सारा!"

"एलिया!" शलमोनरावांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "प्रार्थना चालू आहे."

"वडील, खिचडीत औषध आहे. बियाण्याचं औषध."

एकदम सगळेच बोलू लागले. मागच्या रांगेतील एक जण ताट छातीशी धरून उठला. एका म्हातारीने पदर ताटावर टाकला, जणू मी तिचे ताट ओढूनच नेणार होतो.

"आता हे काय नवीन?" दगडू मिस्त्री म्हणाला. "मागल्या बारीला आमेनच्या आदी घास घेतला म्हणून ह्यानंच माझं ताट ओढलं. आता आमेन होऊ लागलं तर म्हणतो खाऊच नका. बापा, तुझं पोट भरलंय का?"

आणि त्याने घास उचलला.

मी दोन रांगा ओलांडून त्याच्यावर झडप घातली. घास त्याच्या ओठांशी होता. मी त्याचे मनगट धरले. त्याने हिसका दिला. आम्ही दोघेही चटईवर पडलो आणि ताट उलटे झाले. गरम खिचडी माझ्या दंडावर सांडली.

"सोड! गवंडीकाम करताना चुना खाल्लाय मी. औषधानं काय मरतो?"

"मिस्त्री, ऐक. दीड वर्ष तुझ्या शेजारी बसून जेवलोय मी. माझं पोट भरलंय म्हणून तुझ्या तोंडचं काढीन का?"

त्याने माझ्याकडे पाहिले. मग माझ्या तळहाताकडे पाहिले. त्याने बोटे सैल सोडली आणि घास खाली पडू दिला.

"ठेवा रे ताटं खाली," तो मागे वळून रांगांना म्हणाला. "हा येडा हाय, पण लबाड नाय."

साठ ताटे गोळा करण्यास पाव तास लागला. तेवढा वेळ मी प्रत्येकाच्या ओठांकडे पाहत होतो. कोणीही घास गिळलेला नव्हता. ज्या नियमापायी मी मिस्त्रीचे ताट ओढून त्याला सर्वांसमक्ष खजील केले होते, त्याच नियमाने ते सारे बसून राहिले होते.

शलमोनरावांनी मला भिंतीशी बोलावले. तबिथाबाई तेथून चार पावलांवर उभ्या होत्या. हातातील कललेल्या जगातले पाणी जमिनीवर सांडत होते.

"कोणाच्या पिशवीतून आलं हे?"

"पिशव्यांवर नाव नसतं, वडील."

"पण तुला ठाऊक असतं. रित्या तूच करतोस. ती पिशवी कुठं आहे?"

पिशवी माझ्या खिशात होती. मी खिशात हात घातला. बोटांना प्रथम नाडी लागली. मी ती खिशातल्या खिशात पिळून ओढली. दुसऱ्या हिसक्याला ती तुटली. मग मी पिशवी बाहेर काढून त्यांच्या हाती दिली. आता ती इतर चाळीस पिशव्यांसारखीच होती.

त्यांनी ती उलटी केली. आतून कापड गुलाबी होते.

"कोणाची, एलिया?"

"माझ्या ध्यानात नाही. रिती करताना माझं लक्ष नव्हतं. सकाळी बायांनी रंग दाखवला, तरी मी वाकून पाहिलं नाही. चूक माझी आहे."

"साठ माणसं होती ही."

"होय, वडील."

त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. ते कठोर मनुष्य नव्हते. आणि म्हणूनच ते पाहणे मला सोसवेना. शेवटी त्यांनी हात पुढे केला. मी कमरेची किल्ली सोडून त्यांच्या हातावर ठेवली.

"मोठे साहेब," दगडू मिस्त्री रांगेतून म्हणाला, "प्रार्थना गेली, खिचडी गेली, किल्लीबी गेली. पावाचं तेवढं बगा आता."

शलमोनराव स्वतः पाव आणि केळी आणावयास गेले.

मी निवाऱ्याच्या मागे खड्डा खणू लागलो. जनावरांच्याही तोंडी लागू नये म्हणून सारी खिचडी खोल पुरावी लागणार होती. दुपारचे दोन वाजले असावेत. तबिथाबाई रिकामा जग घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या काठाशी उभ्या राहिल्या.

"एलियाभाऊ, माझं नाव नाय घेतलं तुमी."

मी खणत राहिलो.

"पण उगी टाकलं हो एवढं अन्न. तीन पाणी धुतलं होतं मी. राखंनं चोळलं होतं. काय होत नाय त्यानं."

"गोदामातली झाडलोट होती ना ती?"

"सांडलेलं असतं. फेकूनच देतेत ते."

"मग दिलीत कामून, तबिथाबाई? नसती दिली एखादी मूठ तर काय बिघडलं असतं?"

त्यांनी जग दुसऱ्या हातात घेतला.

"तीन रविवार माझी पिशवी रिकामी आली. चौथ्याला, मागल्याच रविवारी, तुमी दारात म्हणले, पिशवीला उंदीर लागला का, तबिथाबाई? समद्या बाया हसल्या."

मी असे म्हणालो होतो. मला ते पूर्ण आठवत होते. थट्टा म्हणून म्हणालो होतो, आणि हशा पिकला तेव्हा मला बरेही वाटले होते. किल्लीवाल्याच्या थट्टेला लोक हसतात, ही गोष्ट माझ्यासाठी नवी होती.

"म्हणून आज घरातली निम्मी ओतली पिशवीत," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बगू आता कोण हसतंय."

माझे फावडे थांबले.

"घरातली?"

"हाव."

"घरात तुम्ही हीच खाता?"

"दिवाळीपासून हीच हाय घरात. दुसरं कुठून आणू? मी दुपारी कामावर बायांच्या डब्यातलं खाते, तिथंच भागतं. आत्याबाईला करून घालते दोन टायमाला. आमाला काय झालंय? मी ठणठणीत हाय. आत्याबाईला तेवढं पित्त..."

त्यांचे वाक्य तेथेच थांबले.

जग त्यांच्या हातातून सुटून खड्ड्यात पडला. तो कोणीच उचलला नाही.

पातेले ज्या हातगाडीवरून आणले होते, तीच हातगाडी मी ओढत नेली. तबिथाबाई माझ्या पुढे धावत होत्या. त्यांच्या एका खोलीच्या घरात यमुनाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उशाशी ताटली होती आणि ताटलीत अर्धी भाकरी. म्हातारीने ती पुरती संपवली नव्हती.

"सूनबाई, आलीस का?" त्या म्हणाल्या. "आज गोड लागली बग भाकर."

आम्ही त्यांना गोधडीसकट उचलून गाडीवर घातले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी टाकून पाहिली, थरथरणारे हात पाहिले आणि विचारले, "काय खाण्यात आलंय?"

तबिथाबाईंनी नुसता पदर तोंडात धरला. तेव्हा मी माझा तळहात डॉक्टरांपुढे उघडून धरला.

यमुनाबाई वाचल्या. त्यांच्या हाताचा कंप पुढे मरेपर्यंत गेला नाही. मात्र त्या जगल्या, आणि चर्चच्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढल्या.

मी खोलीतले सामान आवरून निवाऱ्यात परतलो. दगडू मिस्त्रीने काही न विचारता आपली चटई सरकवून मला जागा दिली. चार आठवड्यांनी मंडळीचे लोक पुन्हा खिचडी घेऊन आले. त्यांना पाहून मी मान खाली घातली. शलमोनराव प्रार्थनेस उभे राहिले. त्या दिवशी देश आला नाही, आजारी आले नाहीत. त्यांनी दोनच वाक्ये म्हटली. मग आमेन झाले.

ते तिसऱ्या रांगेत माझ्यापुढे येऊन उभे राहिले.

"एलिया, ऊठ. तबिथाबाईंनी आज उपासनेत मंडळीपुढे साक्ष दिली. सगळं सांगितलं, पिशवीचं, नाडीचं."

"उंदराचं सांगितलं का?"

"कसला उंदीर?"

म्हणजे तेवढे त्यांनी सांगितले नव्हते. ते मला सांगावे लागले. साऱ्या रांगा ऐकत होत्या, तरी मी सांगितले. शलमोनराव हळूच माझ्या शेजारी चटईवर बसले. किल्ली त्यांच्या मुठीत होती.

"ही घे," ते म्हणाले.

"घेतो, वडील. पण एक मागणं आहे."

"जेवून मग माग की," मिस्त्री म्हणाला. "आता तर आमेनबी झालं."

या गोष्टीला आता बारा वर्षे झाली. पिशव्या अजूनही पांढऱ्याच आहेत आणि त्यांवर नाव नाही. परंतु त्या दिवशी मी मागितल्याप्रमाणे आता त्या मी रित्या करीत नाही. रविवारी सकाळी मी कोठीचे दार उघडतो, पिंपाचे झाकण काढतो आणि बाहेर पायरीवर दाराकडे पाठ करून बसतो. एकेक बाई पिशवी घेऊन आत जाते, एकेक बाहेर येते. ज्यांच्या घरी आहे त्या घालतात. ज्यांच्या घरी नाही त्या काढून नेतात. मला पाठीमागून फक्त धान्य पडल्याचा आवाज येतो. ते पिंपात पडते आहे की पिशवीत, हे मला आजवर ओळखता आलेले नाही.